गाडी डावीकडे ओढते

आमच्या गाडीचं नाव सांगत बसत नाही. मी गाडी घेतली तेव्हा पुण्याच्या रस्त्यावर मुख्यतः दोनच तऱ्हेच्या गाड्या दिसायच्या, एक फुगीर आणि एक चौकोनी. आमची चौकोनी. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, डाव्या हाताला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ डाव्या हाताचा आहे.

मी चौथी शिकले. शनिवार पेठेत माझी खानावळ होती. डबे पोचवायला माणूस ठेवला की तो आज येई, उद्या दांडी मारी. म्हणून मीच गाडी शिकले. यजमान कचेरीत कारकून. ते सायकलवर जात, आणि गाडीत बसायची वेळ आलीच तर मागे डब्यांच्या शेजारी बसत. पुढे बसायची त्यांना भीती वाटे. पेठेतले लोक हसायचे. पण हसणाऱ्यांपैकी निम्म्यांचे डबे मीच पोचवत होते, त्यामुळे तोंड दाबून हसायचे.

यजमान गेले, मग खानावळ बंद केली आणि मी वारज्याला लेकीकडे राहायला आले. गाडीही आली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाच्या कडेला ती खोळ घालून पडून राहिली. खोळीखाली मांजर व्यालं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाटी लावली, ‘बंद वाहने हलवावीत, मांजरांसह.’ मी गाडी हलवली नाही. मांजर आपलं आपण गेलं.

माझे जावई मूळचे अमरावतीकडचे. चिंचवडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी केली आणि निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर पहिला महिना ते घरातल्या डब्यांची झाकणं जुळवत होते. माझी लेक शाळेत शिकवते. एका संध्याकाळी ती घरी आली तर मिसळणाचा डबा रिकामा, वाट्या घासलेल्या, आणि प्रत्येक वाटीच्या बुडाला खूण केलेली. लेक माझ्याकडे वळून म्हणाली, “आई, ह्यांना ती गाडी दे बाई. नाहीतर मी माहेरी जाईन.”

“माहेर इथेच आहे तुझं, पलंगावर बसलंय,” मी म्हणाले. गाडी दिली.

त्यांनी गाडी मन लावून केली. इंजिन, वायरिंग, पत्रा, रंग. शेवटी पुढची चाकं राहिली. चाक ज्या दोन लोखंडी आर्मवर वरखाली होतं, त्या आर्मच्या टोकांना रबराचे बुश असतात. जुने बुश खडूसारखे झाले होते. ते बदलायचं काम त्यांनी नवरात्रात काढलं आणि दसऱ्याला गाडी हार घालून उभी केली. दसऱ्याला चालवली मात्र नाही, कागदपत्रं व्हायची होती. ती झाली तेव्हा दिवाळी उलटली होती.

पहिल्यांदा मीच चालवणार, हे ठरलेलं होतं. त्यावर घरात वाद झाला नाही, कारण मी तो होऊ दिला नाही. माझं लायसन्स चालू होतं. सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, आम्ही खडकवासल्याच्या बाजूला निघालो. शेजारी जावई, मागे लेक.

सुरुवातीला काही वाटलं नाही. मग रस्ता सरळ झाला, गाडीला थोडा वेग आला आणि ती डावीकडे जायला लागली. झटका नाही, काही नाही. लहान मूल रडता रडता आपलं बोट धरून दुकानाकडे ओढतं, तशी ओढत होती. मी उजवीकडे धरून ठेवली. तेवढ्यात कडेने एक गृहस्थ चालले होते, हातात दुधाची पिशवी. आमचा आरसा त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून गेला. त्यांनी मागून काय म्हटलं ते काचेतून ऐकू आलं नाही. तोंडावरून कळलं.

“आई, डावीकडे का घेतेस तू?” लेक मागून ओरडली.

“मी नाही घेत. गाडी जाते.”

“गाडी कशी जाईल? स्टिअरिंग तुझ्या हातात आहे ना?”

जावई म्हणाले, “रस्त्याला उतार असतो कडेकडे, पाणी जावं म्हणून. सगळ्याच गाड्या जरा डावीकडे जातात. नवीन गाड्यांत ते जाणवत नाही.”

मी गप्प बसले. मी सहसा गप्प बसत नाही, म्हणून लेकीने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

गप्प बसायला कारण होतं. भाद्रपदापासून माझ्या डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत होत्या. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. दोनदा कप हातातून सुटला. एकदा फुटला, एकदा चटईवर पडला म्हणून वाचला. फुटलेल्याचं खापर मी कपाच्या कानावर फोडलं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

माझी थोरली बहीण अशीच गेली. आधी तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. आम्ही म्हणायचो, बघून चाल की. मग ताटातली डाव्या बाजूची चटणी ती तशीच टाकून उठायची. आम्ही म्हणायचो, माज आलाय. एक दिवस ती मोरीत पडली, ती उठलीच नाही. पुढे किती वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं मी केलं आहे, त्यामुळे लकवा काय असतो ते मला कुणी सांगायला नको.

तेव्हा मला हवं होतं ते एवढंच. गाडी डावीकडे जाते की मी जाते, हे कळायला हवं होतं. गाडी जात असेल तर पाना घेऊन दुरुस्त होईल. मी जात असेन तर पुढचं मला पाठ होतं.

हाताचं मी मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गाडीची तपासणी त्याच क्षणी थांबली असती. म्हातारीचा हात म्हटल्यावर गाडीखाली कोण झोपतो?

जावयांना मी म्हणाले, “उतार असो नसो, गाडी ओढते. शोधा.”

त्यांनी आधी हवा बघितली. चारी चाकांत सारखी. मग गाडी अलाइनमेंटच्या दुकानात नेली. तिथे चाकांना चकचकीत पट्ट्या लावतात आणि पडद्यावर आकडे येतात. दुकानातल्या पोराने काहीतरी पिळलं, आकडे हिरवे झाले. बाहेर आलो, गाडी डावीकडे. परत आत. पोरगा म्हणाला, “काकू, गाडी तुमच्या वयाची आहे. थोडी झुकणारच.”

“मी अजून झुकलेली नाही,” मी म्हणाले. “त्या पोराशी इतकं ताठ कशाला बोललीस?” असं लेक नंतर मला म्हणाली. तिला मी पोराचा अपमान केला असं वाटलं. मला मात्र माझं वाक्य खरं आहे की नाही याचीच काळजी होती.

पुढची गोष्ट टायर. एखादं टायरच वाकडं बनलेलं असतं, म्हणून पुढचं डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे घातलं. ओढ टायरची असेल तर ती बाजू बदलते. बदलली नाही.

मग ब्रेक. एका चाकाचा ब्रेक धरून राहत असेल तर गाडी त्या बाजूला जाते आणि त्या चाकाचा ड्रम तापतो. आम्ही ब्रेक फारसा न लावता चक्कर मारून आलो. जावई म्हणाले, “आई, हात लावून बघा, दोन्हीकडे सारखं लागतं का. सांभाळून.”

मी उजव्या चाकाजवळ उजवा हात नेला. कोमट. डाव्या चाकाजवळ डावा हात नेला. गार. निदान मला गार वाटलं. मग उजवा हात डाव्या चाकाला लावला, तर तेही तेवढंच कोमट. ड्रम सारखे होते, हात सारखे नव्हते.

“काय म्हणता?” त्यांनी विचारलं.

“सारखं आहे,” मी म्हणाले. ब्रेकपुरतं ते खरं होतं.

त्या दिवसापासून मी घरात दाराच्या चौकटींवर लक्ष ठेवायला लागले. जेवताना आधी ताटाची डावी बाजू संपवायची. चटणी आवडो न आवडो, खायचीच. लेक म्हणाली, “आई, तुला पंचामृत कधीपासून आवडायला लागलं?” मी म्हणाले, “वाढतेस म्हणून खाते. नको तर वाढू नकोस.”

स्टिअरिंगची तपासणी शनिवारी झाली. स्टिअरिंग फिरवलं की दांड्या सरकतात आणि चाकं वळतात. त्या दांड्यांच्या सांध्यांत ढिलेपणा असला की गाडी भरकटते. जावई खाली पडले, मी आत बसले.

“हलवा. थोडं. उजवीकडे... डावीकडे... अहो, थोडं म्हटलं मी, पोळी नाही लाटायची.”

“थोडंच हलवतेय.”

“हं. थांबा. परत.”

त्यांनी एकेका सांध्यावर बोट ठेवून पाहिलं. मग गाडी उचलून चाक वर-खाली धरून हलवलं, मग दोन बाजूंना धरून हलवलं. खटखट कुठेच नाही. बाहेर आले तेव्हा अंगाला ग्रीस आणि चेहरा पडलेला.

“सगळं कसं टाइट आहे. काहून ओढते मग?” चिडले की त्यांची अमरावती बाहेर येते.

मी म्हणाले, “उताराचं काय झालं तुमच्या?”

“ते बघू. उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी आम्ही उताराचं बघितलं. एका नव्या वसाहतीत रस्ता झाला होता, इमारती व्हायच्या होत्या. तिथे वाहन नाही, माणूस नाही. जावयांनी स्वतः गाडी घेतली आणि रस्त्याच्या उजव्या कडेने चालवली. तिथे उतार उजवीकडे असतो. उताराचीच ओढ असेल तर गाडी उजवीकडे जायला हवी. त्यांनी स्टिअरिंगवरचे हात किंचित उचलले. मी रस्ता सोडून त्यांच्या हातांकडे बघत होते.

गाडी आधी सरळ गेली. मग हळूहळू, उताराच्या उलट, डावीकडे आली.

“बाप्पा!” जावई म्हणाले.

मला हायसं वाटायला हवं होतं. त्यांच्याही हातात गाडी ओढली, म्हणजे गाडीत काहीतरी होतं. पण घरी येऊन डाव्या हातात कप धरून बघितला तर बोटं तशीच मुंगावलेली. गाडीत दोष आहे म्हणून माझ्यात नाही, असं थोडंच असतं? आमच्या खानावळीत एकदा भातही करपला आणि आमटीही नासली. एकाच दिवशी. आता भीती वेगळी झाली. गाडीतला दोष नीट सापडून पूर्ण जाईपर्यंत माझ्यात किती उरला ते कळणार नव्हतं. आणि तो सापडत नव्हता.

जावई हट्टाला पेटले. लेक वैतागली. तिने त्याच रविवारी जेवताना विषय काढला.

“अहो, विकून टाका ना. नाहीतर दिवाणखान्यात ठेवा. आईने ती चालवलीच पाहिजे असं कुठे आहे? त्या दिवशी तो दुधाचा माणूस...”

“दूध सांडलं नाही त्याचं,” मी म्हणाले.

“तू गप्प बस. तुला सत्तरी उलटून किती वर्षं झाली?”

“तुला माहीत आहे. माझा वाढदिवस तूच करतेस, नको म्हटलं तरी.”

“आई, मी गंमत करत नाहीये. पुन्हा डावीकडे गेली तर चावी माझ्या कपाटात जाईल.”

ती तसं करणारी आहे. माझीच लेक.

जेवण झाल्यावर मी एकटी खाली पार्किंगमध्ये गेले. प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन गाडीच्या समोर बसले. नुसती बघत बसले. खानावळीत मी परातीतलं पीठ डोळ्यांनी मोजायचे, किती पोळ्या होतील ते. नजर तेवढी शिल्लक होती. मला वाटायला लागलं की गाडी उजव्या खांद्यावर पिशवी घेतलेल्या बाईसारखी उभी आहे. उजवा खांदा खाली, डावा वर. पण डोळ्यांवर विश्वास ठेवायचे दिवस नव्हते. तेव्हा उठले आणि वीत लावली. चाकाच्या मधोमध जी टोपी असते तिथपासून वरच्या पत्र्याच्या काठापर्यंत. उजवीकडे वीत आणि चार बोटं. डावीकडे वीत आणि पाच. दोन्हीकडे उजव्याच हाताची वीत लावली, हे सांगायला नको.

वर जाऊन सांगितलं. जावई टेप घेऊन धावले. लेक मागून, “पार्किंगची फरशीच वाकडी असेल. बिल्डरने काय सरळ केलंय इथे?”

जावयांनी गाडी बाहेर काढली, उलट तोंड करून परत त्याच जागी लावली आणि परत मोजलं. फरशी वाकडी असती तर आता दुसरी बाजू उंच निघाली असती. डावीच उंच निघाली.

मग त्यांनी दोरीला एक नट बांधला आणि गवंडी ओळंबा धरतात तसा चाकासमोर धरला. उजव्या चाकाला दोरी वर आणि खाली जवळपास सारखीच लागली. डाव्या चाकाचं वरचं टोक बाहेर झुकलेलं होतं. थोडंच. पण दोरी खोटं बोलत नाही. दुकानातल्या पोराने नुसती चाकांची तोंडं सरळ केली होती, उभा कल बघितला नव्हता.

“चाक असं बाहेर कललं की गाडी त्याच अंगाला जाते,” जावई म्हणाले. “म्हणजे मिळालं. आता ते कललं कशानं ते बघायचं. ही बाजू बसतच नाहीये खाली. स्प्रिंग?”

स्प्रिंगा दोन्ही एकदम आणलेल्या, एकाच पेटीतल्या. तरी त्यांनी सोमवारी गाडी उचलली, लोखंडी घोडीवर टेकवली आणि चाक काढलं. आर्म वाकला आहे का बघितलं. नाही. स्प्रिंग बसलेली जागा बघितली. बरोबर. टॉर्च मारून बोल्ट बघितले.

“बोल्ट तर सगळे फायनल आहेत. खूण आहे सगळ्यांवर.”

ही खुणेची त्यांची कारखान्यातली सवय. बोल्ट शेवटचा आवळून झाला की त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की त्या बोल्टला परत हात लावायचा नाही. वाट्यांच्या बुडाला केल्या होत्या त्याही असल्याच खुणा.

ते रबराचा हातोडा आणायला वर गेले. मी स्टुलावर बसले होते. समोर ते उघडं चाकाचं घर, आणि त्यात बोल्टच्या डोक्यावर लाल ठिपका. मला तो जरा जास्त मोठा वाटला. रंगाचा ठिपका काडीने देतात. हा बोटाने दिल्यासारखा होता. मी बोट लावलं. बोट लाल झालं.

मी बोट चोळून बघितलं. नाकाशी नेलं. उभा जन्म हे कपाळाला लावलंय, ओळखायला चष्मा लागत नाही. कुंकू होतं. बोल्टच्या तेलात बसलं होतं म्हणून इतके दिवस राहिलं.

गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेले. तिथलं चाक जाग्यावर होतं, पण मागून हात घालता आला. तिथल्या बोल्टवरचा ठिपका नखाने खरवडला. जरा कपची निघाली. रंग.

जावई हातोडा घेऊन आले. मी बोट समोर धरलं.

“हे काय?”

“कुंकू.”

“कुठलं?”

“तुमच्या फायनल बोल्टवरचं.”

ते आधी माझ्या बोटाकडे बघत राहिले, मग बोल्टकडे. मग तिथेच फरशीवर बसले.

झालं होतं असं. उजवी बाजू त्यांनी नवरात्रात नीट केली. आर्म जोडले, गाडी चाकांवर उतरवली, दाबून हलवून बसू दिली आणि मग बुशचे बोल्ट आवळले. तसंच करायचं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. गाडी हवेत असताना चाक खाली लोंबतं. तेव्हा आवळलं तर रबर त्याच स्थितीत पकडून राहतं. नंतर गाडीचं वजन पडलं की ते पिळलं जातं आणि त्या बाजूला वर उचलून धरतं. डावी बाजू निम्मी झाली आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारं घासून पाटावर मांडायची आणि दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. माझ्या खानावळीतही विळी, सुरी, बत्ता सगळं पूजेला असे आणि त्या दिवशी लोक मुकाट्याने दहीभात खात. पण जावई कारखान्यातले. त्यांचं आमच्यापेक्षा कडक. ते म्हणाले होते, “मशीन उघडं ठेवून पूजा नसते करत. चाक काढलेल्या गाडीला हार घालू काय?” म्हणून त्यांनी हवेतच सगळे बोल्ट आवळले, चाक चढवलं, गाडी उतरवली. ठिपके दिले नाहीत. दसऱ्यानंतर सैल करून, परत जमिनीवर आवळून, मग द्यायचे असं ठरवलं होतं.

आणि माझ्या लेकीने पूजा केली. ती काम अर्धवट करत नाही. तिने बॉनेटला कुंकू लावलं, स्टिअरिंगला लावलं, चाकांना लावलं, आणि नवऱ्याने नवीन काम केलंय म्हणून हात आत घालून बोल्टांनाही लावलं. दसरा झाला, हार वाळला. जावयांनी टॉर्च मारून बघितलं तर सगळीकडे लाल ठिपके. मधे कागदपत्रांची धावपळ, त्यात आपण परत आवळले की नाही हे त्यांना आठवेना, आणि ठिपके बघून त्यांनी धरलं की काम झालेलं आहे.

वर फोन करून लेकीला खाली बोलावलं. सगळं ऐकून ती म्हणाली, “म्हणजे माझ्या पूजेमुळे?”

“तुझ्या नाही,” जावई म्हणाले. “मले दिसलं नाही.”

“मग खुणा हिरव्या करा ना. कुणी सांगितलं लाल करायला?”

“कारखान्यात कुंकू लावणारी बायको नव्हती.”

“कारखान्याशीच लग्न करायचं होतं.”

मी म्हणाले, “भांडण नंतर. आधी बोल्ट.”

त्यांनी चाक चढवलं, गाडी खाली उतरवली आणि चारी चाकं लाकडाच्या जाड ठोकळ्यांवर घेतली, म्हणजे वजन चाकांवर राहील आणि खाली सरकायला जागा होईल. मग डाव्या बाजूचे बोल्ट सैल केले. गाडीने हुश्श केलं. खरंच तसा आवाज आला, रबर सुटल्याचा, आणि डावा खांदा आमच्या डोळ्यांदेखत खाली आला. लेक एकदम मागे सरकली. जावयांनी बॉनेट दाबून गाडी चार वेळा हलवली, बसू दिली, मग बोल्ट आवळले. ठिपके दिले. ह्या वेळी पांढरे, दाराच्या रंगाचा उरलेला डबा होता त्यातले. मी वीत लावली. दोन्हीकडे चार बोटं.

अलाइनमेंटच्या दुकानात परत गेलो, कारण उंची बदलली की तेही परत करावं लागतं. पोरगा म्हणाला, “काकू, आता झुकत नाही वाटतं.”

त्याच नव्या वसाहतीतल्या रस्त्यावर गेलो. आधी जावयांनी चालवली. हात उचलले. गाडी सरळ गेली, सरळ गेली, आणि कडेच्या उताराने अगदी किंचित डावीकडे कलली, जेवढं कलायला हवं तेवढंच. ते हसले आणि उतरून मला जागा दिली.

मी बसले. गिअर टाकायला डावा हात दांड्याकडे नेला. मुंग्या होत्याच. वेग घेतला. हात उचलायची मला भीती वाटत नव्हती, ते गाडीचं होतं. मला भीती हात ठेवण्याची होती. दोन्ही हात ठेवले आणि काही न करता, मुद्दाम काही न सावरता, समोर रस्ता संपतो तिथे विजेचा खांब होता त्याच्याकडे बघत राहिले. खांब डावीकडे सरकतोय का, उजवीकडे सरकतोय का. खांब जागच्या जागी राहिला आणि मोठा होत गेला.

“आई, ब्रेक!” लेक ओरडली.

मी ब्रेक लावला. गाडी सरळ थांबली. इंजिन बंद केलं, चावी काढून लेकीच्या हातात दिली आणि म्हणाले, “आता माझ्या डाव्या हाताचं सांगते.”

सांगितलं. कपाचं, मुंग्यांचं, ड्रम गार लागल्याचं. मावशीचं तिला माहीत होतं, तिचं नाव काढायची गरज पडली नाही. लेक आधी पांढरी पडली, मग लाल झाली.

“भाद्रपदापासून? आणि आत्ता सांगतेस? रस्त्यावर?”

“आधी सांगितलं असतं तर तुम्ही गाडीखाली गेला असतात का?”

जावई म्हणाले, “नसतो गेलो.” खरं बोलतात, एवढं आहे त्यांचं.

लेकीने त्यांच्याकडे असं बघितलं की ते गाडीतून उतरून टायर बघायला गेले. टायरात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरकडे. बाई होत्या, लेकीपेक्षा लहान. त्यांनी मला उभं केलं. दोन्ही हात समोर सरळ धरा म्हणाल्या, तळवे वर, आणि डोळे मिटा. मी मिटले. मला कळलं हे काय आहे. जावयांनी रस्त्यावर स्टिअरिंगवरून हात उचलले होते, तेच हे. आता कोण ओढतंय ते दिसणार होतं, फक्त मला दिसणार नव्हतं. शेजारी लेकीचा श्वास ऐकू येत नव्हता. मला डावा हात जड वाटायला लागला. मग उजवाही जड वाटायला लागला. डोळे उघडून बघावं असं फार वाटलं. नाही उघडले. लबाडी करून निघालेला आकडा काय कामाचा?

“उघडा,” त्या म्हणाल्या.

दोन्ही हात एका पातळीत होते.

मग त्यांनी बऱ्याच गोष्टी केल्या. चालवलं, हसायला लावलं, गुडघ्यावर ठोकलं. मनगटाच्या मधोमध टिचकी मारली तेव्हा बोटांपर्यंत झिणझिणी गेली. “काय काम करायचात?” त्यांनी विचारलं.

“पोळ्या.”

“किती?”

“मोजत नव्हते. पीठ मोजायचे.”

मनगटात शीर दाबली गेली आहे, असं निघालं. कणीक तिंबून तिंबून, लाटून लाटून होतं असं. पट्टा दिला, रात्री बांधून झोपायचा. मेंदूची तपासणीही करून घ्या म्हणाल्या, वय आहे. ती केली. त्यात वयाला साजेसं निघालं, एवढंच सांगितलं. वयाला साजेसं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

महिनाभर गाडी जावयांनी चालवली. मुंग्या कमी झाल्या, कप सुटत नाही आणि डॉक्टर बाईंनी हो म्हटलं, तेव्हा लेकीने कपाटातून चावी काढून दिली. ती स्वतः शेजारी बसणार, ही अट. मंगळवारी सकाळी मी भाजीला गाडी नेते. तिची शाळा दुपारची असते.

गाडी सरळ जाते. दुधाच्या पिशवीवाले गृहस्थ कधी दिसतात, मी त्यांना भरपूर जागा देते. लेक मात्र रस्त्याकडे बघत नाही. निघाल्यापासून घरी येईपर्यंत ती माझ्या डाव्या हाताकडे बघत असते. घरात शिरताना दाराच्या चौकटीकडे मीही बघतेच.